विचारपूस

हिरोशिमा शहरात हिजियामा नावाची एक बुटकी टेकडी आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता शहरावर अणुबॉम्ब फुटला, तेव्हा या टेकडीच्या पलीकडची काही घरे तिच्या आडोशामुळे बचावली. पुढे १९५० च्या सुमारास त्याच टेकडीच्या माथ्यावर अमेरिकनांनी अर्धगोल छपरांच्या लांबट इमारती उभ्या केल्या. खालच्या शहरातून माणसांना गाडीत बसवून वर आणायचे. तिथे त्यांचे वजन, उंची, रक्त, लघवी, डोळे, हाडे, सगळे तपासायचे. शंभर प्रश्न विचारायचे, उत्तरे लिहून घ्यायची आणि माणसाला पुन्हा गाडीत बसवून घरी पोहोचवायचे. औषध मात्र द्यायचे नाही. दवाखान्यासारखी दिसणारी ती जागा दवाखाना नव्हती. ती संशोधन संस्था होती.

तिचे नाव ॲटॉमिक बॉम्ब कॅज्युअल्टी कमिशन. २६ नोव्हेंबर १९४६ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी तिला मंजुरी दिली. १९४७ मध्ये हिरोशिमात आणि १९४८ मध्ये नागासाकीत काम सुरू झाले. १९४५ साल संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७४ हजार माणसे मेली होती. जी वाचली, त्यांना जपानी भाषेत 'हिबाकुशा' म्हणतात. त्यांच्या शरीरात किरणोत्सर्गाने नेमके काय केले, पुढे काय करील, त्यांची मुले कशी निपजतील, हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हते. माहीत करून घेण्याची गरज खरी होती, हे आधीच मान्य केले पाहिजे. प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हता. पण ज्याने बॉम्ब टाकला, तोच दोन वर्षांनी वही-पेन्सिल घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, तुम्हाला कुठे कुठे दुखते ते सांगा, आम्ही लिहून घेतो.

उपचार का केले नाहीत? याची कारणे वेगवेगळी दिली गेली. औषधपाणी हे जपानी डॉक्टरांचे काम आहे, त्यात आपण पडू नये, असे एक कारण. दुसरे कारण राजकीय होते. उपचार केले तर ती चुकीची कबुली ठरेल, अमेरिकेने भरपाई सुरू केली असा अर्थ निघेल, ही धास्ती. अमेरिकी इतिहासकार सुसान लिंडी यांनी या कमिशनच्या कागदपत्रांचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या लिखाणातून असेही दिसते, की धोरण काहीही असले तरी काही डॉक्टर गुपचूप उपचार करत होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. समोर आजारी माणूस बसला आहे आणि आपल्या हातात विद्या आहे, अशा वेळी सरकारी नियम काही डॉक्टरांच्याही गळी उतरला नाही. पण अशी सवलत मिळणे नशिबाचा भाग होता. बहुसंख्यांच्या मनात एकच शब्द रुतून बसला, 'मोरुमोत्तो'. प्रयोगशाळेत ज्याच्यावर प्रयोग करतात, त्या छोट्या गिनीपिगला जपानी लोक मोरुमोत्तो म्हणतात.

आता त्या प्रश्नांकडे वळू. कोणाला किती किरणोत्सर्ग लागला हे कळल्याशिवाय आजाराचा हिशेब मांडता येत नाही. आणि किरणोत्सर्ग किती लागला, हे कळायला तो माणूस त्या क्षणी नेमका कुठे होता, हे कळावे लागते. म्हणून माणसे घरोघर गेली. तुम्ही कुठे होता? घरात की रस्त्यावर? उभे की बसलेले? तोंड कुठल्या दिशेला होते? मध्ये भिंत होती का? भिंत मातीची की लाकडाची? छप्पर कौलारू होते का? खिडकी किती अंतरावर? सांगेल त्याबरहुकूम कागदावर घराचा नकाशा काढला जाई आणि त्यात त्या माणसाची जागा दाखवली जाई. हे काम इतके चोख होते, की पुढे अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटात जपानी पद्धतीची घरे बांधून, त्यांच्या भिंती आणि छपरे किती किरणे अडवतात याची मापे घेण्यात आली.

शास्त्राच्या दृष्टीने हे कौतुकास्पदच आहे. आता उत्तर देणाऱ्याच्या बाजूने पाहा. भिंत कुठे होती, असे कोणी विचारतो तेव्हा त्या बाईला भिंत आठवत नाही, भिंतीखाली सापडलेले मूल आठवते. ती भिंतीचे माप सांगते. मुलाविषयी त्या तक्त्यात रकाना नाही. मग ती ते सांगते की गिळते? सांगितले तर समोरचा लिहिणारा थांबून ऐकतो, की पुढचा प्रश्न विचारतो?

मी कविता लिहिणारा माणूस, शास्त्र माझे क्षेत्र नव्हे. पण आपल्या भाषेतला एक शब्द मला या ठिकाणी फार उपयोगी वाटतो. 'विचारपूस'. दुखणाइताची आपण विचारपूस करायला जातो. त्यातला 'पूस' हा 'पुसणे' या धातूतून आला, आणि मराठीत पुसणे म्हणजे विचारणेही आणि डोळे पुसणेही. व्युत्पत्तीचे पंडित यावर काय म्हणतील ते म्हणोत, बोलणाऱ्याच्या कानाला दोन्ही अर्थ ऐकू येतात. आजाऱ्याला नुसते विचारून निघून जाणारा पाहुणा आपल्याकडे कोणाला आवडत नाही. हिजियामाच्या टेकडीवर विचारणे भरपूर झाले. पुसण्याची तरतूद नव्हती.

आणि संमतीचे काय? युद्धानंतर जपानात अन्नाची टंचाई होती, तांदूळ रेशनवर मिळे. गरोदर बाईला पाचव्या महिन्यानंतर जादा रेशन मिळे, पण त्यासाठी नाव नोंदवावे लागे. कमिशनच्या आनुवंशिकी विभागाने, जेम्स नील या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, आपली नोंदणी या रेशनच्या नोंदणीला जोडून दिली. बाई तांदळासाठी आली की तिचे नाव अभ्यासात येई. मूल जन्मले की सुईण कळवी, मग डॉक्टर घरी येऊन बाळ तपासत. १९४८ ते १९५४ या सहा वर्षांत सुमारे ७७ हजार नवजात बालकांची अशी पाहणी झाली. युक्ती म्हणून ही अचूकच. पण आपल्याकडच्या जुन्या दस्तांत शेवटी एक वाक्य असते, 'हे राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून दिले'. पोटात मूल, हातात रिकामी पिशवी, डोक्यावर परक्या फौजेचा अंमल. अशा बाईच्या होकाराला राजीखुशी म्हणायचे का?

इथे एक तारीख आठवते. ऑगस्ट १९४७ मध्ये न्युरेंबर्ग येथे अमेरिकी न्यायाधीशांनी नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल दिला. त्या निकालात माणसांवरच्या प्रयोगांसाठी दहा तत्त्वे सांगितली, आणि त्यांतले पहिले तत्त्व होते स्वेच्छेने दिलेली संमती. त्याच वर्षी त्याच देशाचे हे कमिशन हिरोशिमात कामाला लागले होते. मी दोघांना एका पारड्यात घालत नाही. कमिशनच्या डॉक्टरांनी कोणाला छळले नाही, कोणाच्या अंगात रोग घातला नाही. त्यांतले कित्येक मनापासून काम करणारे सज्जन होते आणि कर्मचारी बहुतांश जपानीच होते. पण युरोपात दिलेल्या निकालाचे पहिले तत्त्व जपानपर्यंत पोहोचायला वेळ लागला, एवढे खरे.

वयात येणाऱ्या मुलींना कपडे उतरवून तपासले जाई. त्यांची लाज पुढे कित्येकींनी वयस्कर झाल्यावर बोलून दाखवली. दारात कमिशनची गाडी थांबली की शेजाऱ्यांना कळे, हे हिबाकुशांचे घर. हिबाकुशांच्या मुलामुलींशी सोयरीक करायला लोक कचरत. त्यामुळे लपवून ठेवलेली गोष्ट त्या गाडीमुळे उघडी पडे. मृत्यूनंतर शवविच्छेदनाची परवानगी मागायला माणसे घरी येत, कधी सुतकातच. अवयवांचे नमुने अमेरिकेत गेले. त्यांचा परतीचा प्रवास पूर्ण व्हायला १९७३ साल उजाडले. आपल्या माणसाचे काळीज किंवा पांथरी अठ्ठावीस वर्षे परक्या मुलुखात बरणीत पडून आहे, ही कल्पना कोणत्याही धर्माच्या माणसाला सहन होण्यासारखी नाही.

तरीही हा हिशेब एकतर्फी मांडता येत नाही, आणि अडचण नेमकी इथेच आहे. रक्ताचा कर्करोग वाढतो आहे, हे हिरोशिमातल्या यामावाकी नावाच्या जपानी डॉक्टरांच्या चाळीसच्या दशकाअखेरीस लक्षात आले, आणि कमिशनच्या नोंदींनी ते सिद्ध झाले. पुढे सुमारे १ लाख २० हजार माणसांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा अभ्यास उभा राहिला. किती किरणोत्सर्गाने कर्करोगाचा धोका किती वाढतो, हे जगाला प्रामुख्याने त्यातून कळले. आज आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ शिशाचा पडदा आणि छातीवर बिल्ला लावून उभा असतो. त्याच्यासाठी ठरवलेल्या मर्यादेमागे त्या टेकडीवरच्या वह्या आहेत. आणखी एक गोष्ट. हिबाकुशांच्या पोटी बॉम्बनंतर जन्मलेल्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचा स्पष्ट पुरावा त्या मोठ्या पाहणीत मिळाला नाही. ज्यांची लग्ने मोडत होती, त्यांच्यासाठी हे केवढे मोठे उत्तर होते! मात्र ते उत्तर मोहल्ल्यातल्या सासूपर्यंत पोहोचले का, हे कोणी तपासले नाही.

हिबाकुशा तरीही वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिले. शिव्या देत आले, पण आले. अनेकांनी कारण सांगितले ते असे, की आमच्यावर जे आले ते पुन्हा कोणावर येऊ नये, निदान आमच्या दुखण्यातून जगाला काही कळावे. म्हणजे त्यांनी आपल्या शरीराची माहिती दान दिली. फक्त घेणाऱ्याने ते दान म्हणून न घेता खाणीतल्या मालासारखे घेतले, ही त्यांची तक्रार होती. दरम्यान त्यांनी हातावर हात ठेवला नाही. १९५६ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना 'निहोन हिदानक्यो' स्थापन झाली. हिला २०२४ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. १९५७ मध्ये जपान सरकारने हिबाकुशांच्या वैद्यकीय मदतीचा कायदा केला. बॉम्बनंतर बारा वर्षांनी! १९७५ मध्ये कमिशन बरखास्त होऊन जपान आणि अमेरिका यांची संयुक्त संस्था तिथे आली. आणि जून २०१७ मध्ये, सत्तराव्या वर्धापनाच्या समारंभात, त्या संस्थेचे अध्यक्ष ओत्सुरा निवा यांनी उपचाराविना केलेल्या तपासण्यांबद्दल हिबाकुशांची जाहीर माफी मागितली. ज्यांची मागायची होती, त्यांतले बहुतेक तोवर गेले होते.

शरीराची एवढी मोजमापे झाली, पण मनाचे काय? १९६२ मध्ये रॉबर्ट जे लिफ्टन हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हिरोशिमात राहिले आणि त्यांनी हिबाकुशांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. बॉम्बला तेव्हा सतरा वर्षे झाली होती, आणि त्यांच्या मनाचा असा सविस्तर अभ्यास आधी झालेलाच नव्हता. भीषण अनुभवात माणसाचे मन बधिर होते, ही गोष्ट त्यांनी शास्त्रापुढे ठळकपणे मांडली. पण त्यांच्या पुस्तकातली दुसरी एक नोंद मला जास्त प्रामाणिक वाटते. ते लिहितात, की सुरुवातीच्या मुलाखतींनी ते पार हादरून गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे लक्ष हळूहळू कहाणीवरून तिच्यातल्या आकृतिबंधाकडे वळले. म्हणजे बधिरता ऐकणाऱ्यालाही येते. तिच्याशिवाय काम होत नाही, आणि तिच्यामुळेच समोरचा माणूस नमुना होऊन जातो. दुसऱ्याच्या दुःखावर कविता लिहिणाऱ्यांनी यावर नाक मुरडू नये. यमक जुळवताना आमचेही तेच होते.

हिरोशिमा आपल्यापासून लांब आहे. पण हाच प्रश्न, थोडा उलटा होऊन, आपल्या देशात उभा राहिला. भोपाळ हे मुशायऱ्यांचे शहर. माझ्यासारख्याला ते आधी त्या नात्याने माहीत होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि जुन्या भोपाळच्या झोपलेल्या गल्ल्यांत शिरला. नुकसानभरपाईच्या सरकारी हिशेबात ५,२९५ मृत्यू धरले गेले. पीडितांच्या संघटना हा आकडा कितीतरी मोठा सांगतात.

इथेही माणसाच्या शरीरात काय झाले, हे कोणाला माहीत नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, तातडीने कामाला लागली. ८० हजार २१ गॅसपीडितांची यादी करून त्यांच्या प्रकृतीचा पाठपुरावा सुरू झाला. मनाच्या आजारांकडेही लवकर लक्ष गेले. लखनौ आणि बंगळूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ च्या सुरुवातीलाच रुग्ण तपासले आणि तिथल्या साध्या सरकारी डॉक्टरांना मनाच्या दुखण्यावर उपचार करायला शिकवले. अभ्यास आणि उपचार हातात हात घालून चालू शकतात, हे इथे दिसले. मेडिको फ्रेंड सर्कल या, महाराष्ट्रातलेही अनेक डॉक्टर ज्यात आहेत अशा, गटाने मार्च १९८५ मध्ये कारखान्याला लागून असलेल्या जयप्रकाश नगरची आणि दूरच्या अण्णा नगरची तुलना करून पाहणी केली.

पण औषधाचे काय झाले ते पाहा. सोडियम थायोसल्फेट या इंजेक्शनाने पीडितांना आराम पडतो का, यावर वाद होता. आयसीएमआरने १९८५ च्या आरंभी चाचणी घेतली. काहींना खरे औषध, काहींना नुसते पाणचट द्रावण, आणि कोणाला काय दिले हे देणाऱ्यालाही माहीत नाही, अशी पद्धत. गुदमरणाऱ्या माणसाला मुद्दाम बिनऔषधाची सुई टोचणे कितपत बरोबर, हा प्रश्न तिथेच सुरू होतो. त्याला उत्तर एकच असू शकते, की निकाल लागताच औषध सर्वांना मिळेल. निकाल औषधाच्या बाजूने लागला. तरी ते सर्रास मिळाले नाही. जून १९८५ मध्ये हे इंजेक्शन देणाऱ्या पीडितांच्या दवाखान्यावर पोलिसांची धाड पडली, डॉक्टरांना अटक झाली आणि रुग्णांच्या नोंदी उचलून नेल्या गेल्या.

पुढे १९९४ मध्ये आयसीएमआरचे संशोधनच थांबले. वायू आईच्या पोटात असताना ज्यांना लागला, ती मुले तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची होती. १९८५ ते १९९४ या काळातल्या मोठ्या अभ्यासाचा अहवाल छापून यायला २००४ साल उजाडले. तोवर भरपाईचे दावे निकालात निघत होते, आणि दावेदाराला दुखणे कागदावर सिद्ध करावे लागत होते. ज्याच्या छातीचे फोटो, रक्त, लघवी सरकारी संस्थेने तपासले, त्याच्याच हातात त्या तपासणीचा कागद नव्हता. बहुतेकांची बोळवण पंचवीस हजार रुपयांवर झाली.

याच शहरात गॅसपीडितांसाठी म्हणून न्यायालयाच्या आदेशाने मोठे रुग्णालय उभे राहिले. तिथे २००४ ते २००८ च्या काळात औषध कंपन्यांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांत गॅसपीडितही होते. आपण चाचणीत आहोत हे आम्हाला माहीतच नव्हते, असे अनेक रुग्णांनी आणि नातेवाइकांनी पुढे सांगितले, आणि सरकारी तपासणीतही त्रुटी निघाल्या. कोणाला वाटेल, अशा अनुभवानंतर भोपाळचे लोक संशोधकाला गल्लीत पाय ठेवू देणार नाहीत. झाले उलटे. अब्दुल जब्बार यांची गॅसपीडित महिला उद्योग संघटना आणि तिच्यासोबतच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि त्यांच्या मागण्यांत एक मागणी होती, की बंद पडलेले संशोधन पुन्हा सुरू करा. शनिवारच्या सभेला यादगार-ए-शाहजहानी पार्कात जमणाऱ्या बुरख्यातल्या आणि पदरातल्या बायकांना विज्ञान नको नव्हते. त्यांना त्यांच्याविषयी जे कळले आहे ते हवे होते.

हिरोशिमाचे लोक म्हणत, तुम्ही आम्हाला बघता पण औषध देत नाही. भोपाळचे म्हणत होते, तुम्ही बघितलेत, मग मध्येच का उठून गेलात, आणि जाताना आमचे कागद का नेलेत? मला या दोन तक्रारी सख्ख्या बहिणी वाटतात. पीडित माणसाला अभ्यासात घ्यावे की घेऊ नये, अशी चर्चा आपण करतो तेव्हा त्याला नाजूक भांडे समजतो. तो नाजूक असतोही. त्याची झोप उडते, एका प्रश्नाने आठवडा वाया जातो. म्हणून विचारणाऱ्याने आधी बसावे, थांबावे, नको म्हटले तर उठावे. पण सांगणाराही बदल्यात काही मागतो. त्याला ऐकणारा हवा असतो, औषध हवे असते आणि स्वतःच्या दुखण्याचा कागद हवा असतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीच्या काळातल्या संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. आपत्तीत सापडलेल्याची संमती घेताना जास्त काळजी घ्यावी, मदत आणि संशोधन यांची त्याच्या मनात गल्लत होऊ देऊ नये, असे त्यात बजावले आहे. तांदळाच्या रांगेत नोंदवलेल्या नावांनंतर सत्तर वर्षांनी हे आपल्याकडे असे छापले गेले.

९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की प्रत्येक गॅसपीडिताला त्याच्या तपासण्यांची आणि उपचारांची नोंद असलेली आरोग्य पुस्तिका द्यावी, सगळे कागद संगणकावर आणावेत आणि संशोधन चालू ठेवावे. तारीख नागासाकीच्या बॉम्बची आहे, हा निव्वळ योगायोग. पुढची देखरेख जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे सोपवली गेली. जुने कागद संगणकावर चढवण्याचे काम कुठवर आले, हे तिथे २०२५ सालीही विचारले जात होते.